कोष चार महिने गप्प आहे. मेलाय की झोपलाय?

रिकामी कुंडी

नमस्कार मंडळी,

कुंडीतल्या लिंबाच्या झाडावर अळ्या येतात, त्यातल्या काही मी खोक्यात वाढवते. सुरुवातीला पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या, मग एकदम हिरव्यागार, आणि डिवचलं की डोक्यामागून शिंगं काढणाऱ्या. (त्या शिंगांचा वास एकदा घेतला की विसरता येत नाही.) या खेपेला पाच कोष झाले. तीन बारा-तेरा दिवसांत फुटले, फुलपाखरं गेली उडून. चौथा काळा पडून वाळला. पाचवा मात्र आहे तसाच आहे. रंग बदललेला नाही, आतून पंखांची नक्षी दिसत नाही, काही म्हणजे काही नाही. चार महिने झाले!

घरातल्यांचं मत, मेलाय तो, टाकून दे. मला टाकवत नाही. म्हणून विचारते: जिवंत आहे हे ओळखायचं कसं? आणि थंडीमुळे अडलाय का? दिव्याखाली ठेवून ऊब दिली तर निघेल का?

यावरून एक मोठा प्रश्नही डोक्यात आला. जिथे सहा-सहा महिने बर्फ असतो तिथे ही मंडळी करतात काय? यांचं रक्त गरम नाही, अंगावर लोकर नाही. तरी पुढच्या वसंतात हजर! जाणकारांनी लिहावं.

दुपारची झोप

वाचतेय. माझ्याकडे पण असा एक होता, मी दोन महिन्यांनी टाकून दिला. आता धाकधूक वाटतेय.

सुरवंटपाळ

आधी एकच: दिव्याखाली ठेवू नका. हीटरजवळ नको, उन्हातही नको.

जिवंत आहे का ते बघायचं तर शेपटीकडचा भाग बोटाने अगदी हलकेच दाबून सोडा. जिवंत कोष पुष्कळदा पोट वळवतो. पण गाढ सुप्तावस्थेतला ढिम्म राहू शकतो, त्यामुळे नाही हलला म्हणून निकाल लावू नका. जास्त भरवशाचं म्हणजे वजन. सोनार वापरतात तसा छोटा काटा मिळाला तर आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवा. मेलेल्या कोषाला पाणी धरून ठेवता येत नाही, तो भराभर हलका होतो. जिवंत कोषाचं वजन महिनोन्महिने जवळपास तेवढंच राहतं. तुमच्या चौथ्या कोषाला बारीक गोल भोक होतं का? असेल तर ते परजीवी गांधीलमाशीचं काम, त्याचा थंडीशी संबंध नाही.

आता ऊब का नको. तुमचा कोष थंडी पडली म्हणून थांबलेला नाही, तो थांबायचं ठरवून कोषात गेलाय. याला डायपॉज म्हणतात, आपण सुप्तावस्था म्हणू. हा निर्णय बहुतेक वेळा अळीपणीच होतो, आणि तोही दिवसाच्या लांबीवरून. हवा अजून उबदार असते, पानं भरपूर असतात, पण दिवस लहान होत चाललेत हे अळीला कळतं. तापमान फसवतं, आज गरम तर उद्या गार. दिवसाची लांबी कधी फसवत नाही. एकाच खोक्यातल्या तिघांनी निघायचं ठरवलं आणि एकाने थांबायचं, यातही नवल नाही. सगळ्यांनी एकच पैज लावली आणि ती हुकली तर वंशच बुडाला की.

यावरचा गाजलेला प्रयोग सिक्रोपिया नावाच्या मोठ्या पतंगावरचा आहे. हार्वर्डमध्ये कॅरोल विल्यम्स यांनी १९४० च्या दशकात ते काम केलं. त्यांनी पाहिलं की कोष सतत उबेत ठेवले तर ते महिनोन्महिने झोपूनच राहतात. काही आठवडे गारठ्यात ठेवून मग उबेत आणले, तर पतंग निघतो. मग त्यांनी गारठ्यात ठेवलेल्या कोषाचा मेंदू काढून न गारठलेल्या, झोपलेल्या कोषात बसवला. तो कोष वाढायला लागला! म्हणजे थंडीची गरज असते ती मेंदूला. तो पुरेसा गारठला की संप्रेरक सोडतो, त्याने छातीतली एक ग्रंथी जागी होते, ती कात टाकायचं संप्रेरक सोडते, आणि पुढचा सगळा कारखाना सुरू.

म्हणून ऊब देऊन तुम्ही त्याला उठवणार नाही आहात. झोपेतल्या झोपेत त्याची चरबी तेवढी जाळाल.

शंकासुर

मेंदू काढून दुसऱ्यात बसवला आणि तो चालला? १९४० च्या दशकात? कमाल आहे.

माझी शंका वेगळी. पाणी शून्य अंशाला गोठतं. अळी म्हणजे पाण्याची पिशवी. गोठताना पाणी फुगतं, फ्रीजरमध्ये विसरलेली बाटली फुटते. मग उणे वीस अंशांत अळी का फुटत नाही? झोपली असली तरी पाणी ते पाणीच ना.

निवृत्त मास्तर

शंकासुर, शंका रास्त आहे. थोडं सविस्तर लिहितो, जुनी खोड आहे.

पाणी शून्याला गोठतं हे आपण शिकवतो ते अर्धंच खरं. बर्फ शून्याला वितळतो हे पक्कं. पण पाण्याचा बर्फ व्हायचा तर स्फटिकाला सुरुवात करायला काहीतरी लागतं, धुळीचा कण, एखादा जिवाणू, खरखरीत पृष्ठभाग. दह्याला विरजण लागतं तसंच. अगदी शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहू शकतात. याला अतिशीतन म्हणतात.

अळीची पहिली युक्ती इथे आहे. हिवाळ्याआधी ती खाणं थांबवते आणि आतडं पूर्ण रिकामं करते, कारण अन्नाचे कण आणि त्यातले जिवाणू हेच विरजण. मग शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनचं ग्लिसरॉल करते. हो, खोकल्याच्या औषधात असतं तेच. त्याने गोठणबिंदू खाली जातो. काही कीटक त्यावर खास प्रथिनंही बनवतात. बर्फाचा चिमुकला स्फटिक तयार झालाच तर ही प्रथिनं त्याला चिकटून बसतात आणि मोठा होऊ देत नाहीत. हा झाला गोठणं टाळणाऱ्यांचा पंथ.

दुसरा पंथ बरोबर उलटा आहे. ते गोठतात. खुशाल गोठतात. पण कुठे गोठायचं ते आधी ठरवतात. पेशींच्या बाहेरच्या द्रवात स्वतःच विरजण घालून ठेवतात, म्हणजे बर्फ फार खाली न जाता, सावकाश, आणि पेशीबाहेरच होतो. बाहेर बर्फ वाढतो तसं पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आतला द्रव घट्ट होत जातो आणि गोठत नाही. तुमची बाटली फुटते कारण पाण्याला जायला जागा नसते. इथे बर्फ भिंतीच्या बाहेर आहे.

मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण उत्तर अमेरिकेतलं. गोल्डनरॉड नावाचं पिवळ्या फुलांचं झाड असतं. त्याच्या देठावर दोन प्रकारच्या गाठी येतात. एक गोल, तिच्यात एका माशीची अळी. दुसरी लांबट, तिच्यात एका पतंगाची अळी. तीच झाडं, तोच हिवाळा, दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर. माशीची अळी दगडासारखी गोठते आणि वसंतात वितळून उठते. पतंगाची अळी ग्लिसरॉलने ठासून भरलेली असते आणि उणे ३५ च्याही खाली गोठल्याशिवाय राहते. म्हणजे एकच परीक्षा आणि दोन पूर्ण वेगळी उत्तरं, दोन्ही बरोबर.

(वर मी पेशीबाहेर गोठतात असं लिहिलंय, पण त्याच माशीच्या अळीच्या चरबीच्या पेशी आतूनही गोठतात आणि तरी जगतात. नियम सांगितला की हे प्राणी अपवाद घेऊन येतात.)

खिडकीतला बोका

मास्तर, दंडवत. विरजणाचा दाखला चपखल.

माझ्याकडून थोडी भर. अलास्कात सालीखाली राहणारा एक लाल चपटा भुंगा आहे, त्याच्या अळ्या प्रयोगशाळेत उणे १०० अंशांपर्यंत नेल्या तरी गोठल्या नाहीत. शरीरातलं पाणी इतकं कमी आणि द्रव इतका दाट की बर्फाऐवजी काचेसारखा घट्ट होतो. न्यूझीलंडच्या डोंगरांत वेटा नावाचा अंगठ्याएवढा नाकतोड्याचा भाऊबंद आहे, त्याच्या शरीरातलं ८० टक्क्यांहून जास्त पाणी बर्फ होतं आणि सकाळी ऊन लागलं की स्वारी चालायला लागते.

आणि हिमालयातल्या हिमनदीवर एक पंखहीन चिलट सापडलंय. ते उणे १६ अंशांत चक्क चालत होतं. कोशिमा नावाच्या जपानी संशोधकांनी १९८४ मध्ये ते प्रसिद्ध केलं.

दुपारची झोप

उणे १६ मध्ये चालत होतं! मी तर पंखा एकवर असला तरी पांघरूण घेते.

शंकासुर

ठीक, पटलं. पण मग सरळ हिशोब असा की हिवाळे सौम्य झाले तर कीटकांची चंगळच. कमी ग्लिसरॉल, कमी कटकट. जग तापतंय म्हणजे यांना सुगीचे दिवस ना?

सुरवंटपाळ

नाही, आणि रिकामी कुंडीताईंच्या दिव्याचा मुद्दा इथेच परत येतो.

झोपलेला कीटक खात नाही. शरद ऋतूत साठवलेली चरबी हीच सगळी शिदोरी, तीच वसंतापर्यंत पुरवायची आणि उठल्यावर अंडी तयार करायलाही तीच. थंड रक्ताच्या प्राण्याचा खर्च तापमानावर ठरतो. गारठ्यात खर्च जवळपास शून्य, उबेत वाढत जातो. मास्तरांनी सांगितलेल्या त्याच गोल्डनरॉडच्या माशीवर इरविन आणि ली यांचा २००३ चा अभ्यास आहे. जास्त गार जागी हिवाळा काढलेल्या अळ्यांची ऊर्जा जास्त वाचली, त्या जास्त संख्येने जगल्या आणि अंडी घालण्याची त्यांची क्षमताही जास्त राहिली. म्हणजे ज्या अळ्यांना आपण ‘बिचाऱ्या थंडीत कुडकुडतायत’ म्हटलं असतं, त्याच सुखात होत्या.

दुसरी गोष्ट बर्फाच्या चादरीची. जाड बर्फाखाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास स्थिर राहतं, वर उणे तीस का असेना. जमिनीत, पालापाचोळ्यात दडलेल्या कीटकांची ती दुलई. हिवाळा सौम्य झाला, बर्फ कमी पडला, आणि मग एका उघड्या रात्री कडाका आला, तर दुलई नसलेले मरतात. म्हणजे ‘सरासरी’ उबदार हिवाळा त्यांच्यासाठी जास्त गार ठरू शकतो.

तिसरं, अवेळी जाग. मध्येच आठवडाभर ऊब आली, ग्लिसरॉल मोडून टाकलं, आणि पुन्हा थंडी आली. झालं.

थंडी आहे तशी आली आणि अपेक्षेप्रमाणे राहिली तर हे लोक हिवाळा काढतात. त्यांना मारते ती चंचल थंडी.

निवृत्त मास्तर

सहमत. वर्गात मी इतकी वर्षं उलटं सांगत आलो याची आता लाज वाटते.

पानगळ

झोपणाऱ्यांबद्दल खूप झालं. पळणाऱ्यांचं कोणीच लिहीत नाहीये, म्हणून मी लिहिते. मोनार्क.

हे नारिंगी-काळं फुलपाखरू कॅनडा-अमेरिकेतून मेक्सिकोच्या डोंगरांत जातं, काही तर चार हजार किलोमीटरहून जास्त अंतर. उन्हाळ्यातल्या पिढ्या दोन ते सहा आठवडे जगतात. पण शरद ऋतूत निघणारी पिढी आठ-नऊ महिने जगते. जनुकं तीच, शरीर तेच. फरक एवढाच की दिवस लहान झाल्यामुळे तिचं एक संप्रेरक कमी राहतं आणि प्रजननाचं काम बंद ठेवलं जातं. म्हणजे ही पण सुप्तावस्थाच, फक्त उडता उडता! हीच फुलपाखरं वसंतात उत्तरेकडे निघतात, पण पूर्ण परत पोचत नाहीत. वाटेत अंडी घालून मरतात, आणि पुढच्या पिढ्या टप्प्याटप्प्याने वर जातात. ‘तेच फुलपाखरू परत येतं’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते चूक आहे.

मेक्सिकोतल्या त्या जागा बाहेरच्या संशोधकांना १९७५ मध्ये सापडल्या. तिथल्या लोकांना अर्थातच आधीपासून माहीत होत्या, ‘शोध’ हा शब्द मला म्हणून खटकतो. सुमारे तीन हजार मीटर उंचीवर ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांचं जंगल. इतक्या उंचीवर का? गार आहे म्हणूनच. सुरवंटपाळ यांनी लिहिलेला हिशोब इथेही लागू: गार राहिलं तर चरबी पुरते. पण गोठेल इतकं गार चालत नाही. त्यामुळे हे जंगल त्यांना दोन्ही करून देतं, फांद्यांचं छत्र रात्री ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि पावसाला थांबवतं.

आणि पाऊस हाच खरा घात करतो. मोजून पाहिलंय: कोरडी मोनार्क उणे ८ अंशांच्या आसपास गोठतात, ओली असतील तर उणे ४ लाच. अंगावरच्या पाण्याचा बर्फ झाला की तोच आत शिरून विरजण होतो (मास्तरांचा शब्द उसना). जानेवारी २००२ मध्ये आधी मुसळधार पाऊस, मग आभाळ मोकळं होऊन कडाक्याची रात्र, असं झालं. मोठ्या दोन वसाहतींतली सुमारे तीन चतुर्थांश फुलपाखरं मेली. जमिनीवर गुडघ्याच्या खाली येईल इतका मेलेल्या फुलपाखरांचा थर होता असे फोटो आहेत, मला ते बघवत नाहीत. जंगल विरळ झालं की हे छत्र फाटतं. झाडं तोडणारा माणूस फुलपाखराला हातही न लावता मारतो तो असा.

खिडकीतला बोका

पळणाऱ्यांत उलटे पण आहेत. ऑस्ट्रेलियातला बोगोंग पतंग उन्हाळ्यापासून पळतो. हजार किलोमीटरपर्यंत उडत जाऊन उंच डोंगरांतल्या गार गुहांत भिंतींना कौलांसारखा ओळीत चिकटून बसतो. एका चौरस मीटरला १७ हजारांच्या आसपास पतंग. सगळा उन्हाळा झोप, शरदात परत. २०२५ मध्ये दाखवलं गेलं की हा पतंग रात्री ताऱ्यांच्या आधाराने दिशा धरतो. आयुष्यात एकदाच जायचं, कोणी वाट दाखवलेली नाही, आणि मेंदू केवढा तर तांदळाच्या दाण्याहून लहान!

पेंटेड लेडी (हे पण फुलपाखरूच) तर सहारा ओलांडते. २०१३ मध्ये दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर काही सापडल्या होत्या. त्या अटलांटिक ओलांडून, ४२०० किलोमीटर, पश्चिम आफ्रिकेतून आल्या असं २०२४ मध्ये सिद्ध झालं. पंखांतली रासायनिक खूण आणि अंगावरचे परागकण तपासून. वाऱ्याची मदत होती म्हणा, पण मदत कोणाला नसते.

शंकासुर

पळून जाणं म्हणजे ‘टिकून राहणं’ कसं? कडक परिस्थिती सोसली तर खरं.

पानगळ

शंकासुर, चार हजार किलोमीटर अर्ध्या ग्रॅमच्या अंगाने उडून दाखवा, मग बोलू.

शंकासुर

माघार.

दुपारची झोप

माझा बाळबोध प्रश्न. थंडीचं राहू द्या, साधा पाऊस आला की फुलपाखरं जातात कुठे? एक थेंब लागला तरी आडवी होतील.

सुरवंटपाळ

बाळबोध नाही. पानाच्या खालच्या बाजूला, गवतात खोल, सालीच्या भेगेत, पंख मिटून लटकतात. पंखांवरचे खवले पाणी झटकतात, थेंब टिकत नाही. २०२० च्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्याने दिसलं की पंखावरच्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे पडणारा थेंब फुटून विखुरतो, त्यामुळे पंखाला चिकटण्याचा वेळ कमी होतो. त्याचा फायदा म्हणजे धक्का कमी आणि पंख गारही कमी पडतो. फुलपाखराला उडायला उडण्याचे स्नायू तिशीच्या आसपास तापलेले लागतात, म्हणून पाऊस थांबला की लगेच उडत नाहीत, आधी पंख पसरून उन्हात बसतात.

डास तर थेंबाच्या माराने मरतच नाही. थेंब डासाच्या पन्नासपट जड असू शकतो, पण डास इतका हलका की थेंबाला त्याच्यावर जोर लावायला काही मिळतच नाही. डास थेंबाबरोबर थोडा खाली जातो आणि बाजूला सटकतो. मात्र जमिनीच्या अगदी जवळ असला तर संपला.

निवृत्त मास्तर

उष्णतेचं कोणी लिहिलं नाही. सहाराची चंदेरी मुंगी. दुपारी, वाळू साठ अंशांवर असताना ती बाहेर पडते. का? कारण तिला खाणारा सरडा त्या वेळी उन्हाने बिळात जातो. आणि तिचं खाणं म्हणजे उन्हाने मेलेले दुसरे कीटक. सरड्याला नको इतकं ऊन आणि तिला मारेल इतकं ऊन यांच्या मधली काही मिनिटं तिची. शरीराचं तापमान ५३.६ अंश ही तिची मर्यादा. अंगावर त्रिकोणी छेदाचे केस आहेत, ते ऊन परतवतात आणि अंगातली उष्णता आकाशाकडे फेकतात, हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं. मला जास्त आवडतं ते हे: उष्णतेने पेशीतली प्रथिनं बिघडू नयेत म्हणून लागणारी संरक्षक प्रथिनं इतर प्राणी तापल्यावर बनवतात, ही मुंगी बिळातून निघण्याआधीच बनवून ठेवते. बाहेर गेल्यावर वेळच मिळणार नाही हे तिला ठाऊक.

खिडकीतला बोका

यावरून नामीबच्या वाळवंटातला धुकं पिणारा भुंगा आठवला. पाठीवरच्या टेंगळांवर धुक्याचं पाणी जमवतो म्हणून त्याचा फोटो सगळीकडे फिरतो.

सुरवंटपाळ

फोटो फिरतो तो बहुतेक वेळा चुकीच्या भुंग्याचा. धुक्यात डोकं खाली, बूड वर करून उभं राहायचं आणि अंगावरून ओघळणारं पाणी तोंडात घ्यायचं, हे वागणं १९७६ मध्ये नोंदलं गेलं ते ओनिमॅक्रिस नावाच्या भुंग्यात. त्याची पाठ टेंगळांची नाही. टेंगळांवाल्या भुंग्यावर २००१ मध्ये निबंध आला आणि तो इतका गाजला की दोघांची गल्लत झाली.

पानगळ

आता सगळ्यात भारी गोष्ट मी सांगते, कारण ती विल्यम्सच्या मेंदूच्या गोष्टीला छेद देते.

आफ्रिकेत खडकांवरच्या खळग्यांत पावसाचं पाणी साठतं, त्यात एका चिलटाची अळी राहते. खळगा आटला की अळी पण वाळते. वाळते म्हणजे अक्षरशः, शरीरात तीन टक्क्यांच्या आसपास पाणी उरतं. आपण त्याला प्रेत म्हणू. श्वास नाही, चयापचय मोजता येत नाही. आणि पाऊस पडला की तासाभरात वळवळायला लागते! १७ वर्षं वाळलेल्या अळ्या जिवंत झाल्याची नोंद आहे. हिंटन या ब्रिटिश संशोधकांनी १९६० मध्ये वाळक्या अळ्या द्रव हेलियममध्ये बुडवल्या, उणे २७० अंश. पुन्हा पाण्यात टाकल्यावर जिवंत.

रहस्य ट्रिहॅलोज नावाच्या साखरेत आहे. वाळताना अळी ती इतकी बनवते की कोरड्या वजनाचा पाचवा हिस्सा तीच असते. पाणी गेलं की ही साखर त्याची जागा घेते आणि काचेसारखी घट्ट होऊन प्रथिनं आणि पेशींची आवरणं जागच्या जागी धरून ठेवते. मात्र हे सावकाश व्हावं लागतं, दोनेक दिवस. झटकन वाळवली तर मरते. म्हणून ती चिखल आणि लाळेची नळी करून त्यात बसते, म्हणजे वाळणं हळू होतं.

आणि छेद हा: डोकं काढलेली अळीही असंच वाळून पुन्हा जिवंत होते. तुमच्या सिक्रोपियाला जागं व्हायला मेंदू लागतो, इथे प्रत्येक पेशी स्वतःचं स्वतः बघते.

शंकासुर

डोकं नसताना ‘जिवंत होते’ म्हणजे नक्की काय, यावर वेगळा धागा काढावा लागेल.

खिडकीतला बोका

अवांतर: उत्तर ध्रुवाकडच्या केसाळ अळीचं राहिलं. तिचा पतंग होतो, पण वर्षात खायला जेमतेम काही आठवडे, बाकीचे महिने गोठून. असं सात वर्षं. १४ वर्षं असं वाचलं असेल तर तो जुना अंदाज, नंतर दुरुस्त झाला. पतंग झाल्यावर काही दिवसांत खेळ खलास.

आणि पाय तोडणारी माशी. बर्फावर चालणारी, पंख नसलेली. पायाचं टोक गोठायला लागलं की बर्फ शरीरात शिरायच्या आत पायच सोडून देते. २०२३ चा अभ्यास.

रिकामी कुंडी

तीन आठवड्यांनी परत येतेय, क्षमस्व. सगळं दोनदा वाचलं. दिवा काढला (हो, तुमची उत्तरं येईपर्यंत दोन दिवस ठेवला होता, ओरडू नका). चौथ्या कोषाला खरंच भोक होतं, भिंगातून दिसलं.

काटा मिळवला. पाचव्याचं वजन चार वेळा केलं. पहिल्यांदा १.०८ ग्रॅम, काल १.०७. टोक दाबलं तर हलत नाही. रंग तोच. खोका आता बाहेर, सावलीत, पाऊस लागणार नाही असा ठेवलाय. घरातल्यांना वजनाची वही दाखवली, आता तेच मला विचारतात, आज किती भरला?

एकच विचारायचं राहिलं. जास्तीत जास्त किती थांबू शकतो हा?

सुरवंटपाळ

१.०७ म्हणजे उत्तम. दोन दिवसांच्या दिव्याने फार बिघडलं नसावं.

तुमचा बहुधा दिवस मोठे झाले, हवेत दमटपणा आला की निघेल. निघण्याच्या आदल्या दिवशी कोष गडद होतो, पंखांची नक्षी आतून दिसते. खोक्यात एक उभी काडी ठेवा, बाहेर आल्यावर पंख ताणायला त्याला लटकायला लागतं. एखादा हिवाळा सोडून पुढच्या वर्षी निघणारे पण असतात.

कमाल मर्यादा विचारलीत म्हणून: युक्का नावाच्या झाडावर राहणाऱ्या एका पतंगाच्या अळ्या पॉवेल नावाच्या संशोधकांनी जपून ठेवल्या होत्या. काही १९ वर्षांनी निघाल्या. उरलेल्या त्यांनी टाकल्या नाहीत. शेवटच्या ३० वर्षांनी निघाल्या.

दुपारची झोप

तीस! आणि मी दोन महिन्यांत टाकला.

शंकासुर

रिकामी कुंडीताई, वही जपून ठेवा. तीस वर्षांनी हा धागा वर काढू.

रिकामी कुंडी

आज १.०७.